कापसाच्या खोलीत बिडी ओढत नाहीत

माझ्या नवऱ्याची अफू सुटली तेव्हा घरात साखर वाटायचीच काय ती बाकी राहिली होती. बिडीचं मात्र कोणी नावही काढलं नाही. बिडीचं काय मेलं, ती तर सगळेच ओढतात! पण मला विचाराल तर अफूनं रडवलं नाही तितकं त्या बोटभर पानाच्या सुरळीनं आम्हाला रडवलं. आणि मला तर कोंडूनच घातलं.

माझं सासर जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरचा कापूस, घरची ज्वारी, दोन बैलजोड्या. कापूस निघाला की हे स्वतः बैलबंड्या घेऊन मलकापूरला सरकी काढायच्या जीनपर्यंत जायचे. थंडीचे दिवस, पूर्णेच्या काठचा गार वारा आणि त्यात ह्यांची पाठ धरलेली. बरोबरच्या एका गाडीवानानं दया येऊन हरभऱ्याएवढी गोळी हातावर ठेवली. पाठ सुटली, पण गोळीनं ह्यांना धरलं ते धरलंच. अफू तेव्हा ठेक्याच्या दुकानात उघड मिळायची. आमचा वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला आणि हुकूम नागपूरहून यायचे, आज माप कमी करा, उद्या हे दुकान बंद करा. तिकडे माप कमी झालं की इकडे आमच्या स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

शेवटी सासऱ्यांनी ह्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं पुड्या बांधून दिल्या, प्रत्येक आठवड्याची पुडी आधीच्या आठवड्यापेक्षा लहान. जाताना सासूबाईंना म्हणाला, "आधी अफू सुटू द्या. बिडी राहू द्या तोवर, मागाहून बघू. एकदम सगळं काढून घेतलं तर माणूस टिकायचा नाही." सासूबाईंनी ते वाक्य पदराला गाठ मारून घरी आणलं. त्या दिवसापासून ह्यांच्या उशाशी बिड्यांचा कट्टा आणि आगपेटी त्या स्वतः ठेवायच्या. लेकरू एवढं सोसून राहिलंय, तेवढं तर पाहिजे त्याला, असं म्हणायच्या.

त्याच सुमारास माझ्या माहेराहून सांगावा आला की माय आजारी आहे. माझं माहेर रोहिणखेडचं, तिकडे मोताळ्याच्या बाजूला. पूर्णा ओलांडून जायचं म्हणजे गाडीनं मुक्काम करावा लागायचा. मी सासऱ्यांपुढे डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले. ते म्हणाले, "पोरगा सुधरला का जाय. कोनं अडवलं तुले?" म्हणजे झालं! माझी रोहिणखेडची वाट ह्यांच्या गोळीतून आणि बिडीतून जात होती.

पुड्या संपल्या आणि अफू सुटली. आठ-पंधरा दिवस बरे गेले, आणि मग एका सकाळी ह्यांचे डोळे पाहून मी समजले. पुन्हा दवाखाना, पुन्हा पुड्या. पुन्हा सुटली आणि पुन्हा तेच. मी काय म्हणते, इतका हुशार डॉक्टर, इतकी शहाणी माणसं घरात, पण हे कोणाच्याच ध्यानात कसं येऊ नये? ह्यांची रीत ठरलेली होती. गोळी जिभेखाली ठेवायची, वर गुळाचं पाणी प्यायचं आणि ओट्यावर भिंतीला टेकून बिडी पेटवायची. आता गोळी नव्हती, पण गुळाचं पाणी होतं, ओटा होता आणि बिडीही होती. बिडी अर्धी झाली की ह्यांचा हात आपोआप कमरेच्या चंचीकडे जायचा. चंचीत काही नाही हे कळलं की उरलेली बिडी भिंतीवर चुरडून ते गावात निघून जायचे.

मी एकदा तोंड उघडलंच. "आत्याबाई, त्या बिडीनंच घात होऊन राह्यला." सासूबाई तेव्हा चुलीपुढे बसून दातांना तमाखूची मिसरी घासत होत्या. काळं बोट तोंडातून काढून म्हणाल्या, "बिडी का व्यसन हाये? काही बी बोलतं!" आणि बोट पुन्हा तोंडात. त्यांना काय बोलणार, मीही घासत होतेच.

तिसऱ्यांदा पुड्या संपल्या तेव्हा ह्यांनी मला परसात गाठलं. तोंड उतरलेलं होतं. म्हणाले, "बिडीचा धूर छातीत गेला का गोळी हाका मारते मले. बिडी सुटल्याबिगर हे सुटत नाई."

"मंग सोडा न," मी म्हटलं. रागच आला होता मला. माझी माय तिकडे अंथरुणाला खिळलेली आणि हे मला मीच सांगितलेलं सांगत होते.

"कशी सोडू? ओट्यावर बसलो का जो येते तो बिडी पुढं करते. नाई म्हटलं तं तोंड पाडते. मायपाशी मांगाचीबी गरज नाई, ती उशाशीच आणून ठेवते. अन् माह्यावर माहाच भरोसा नाई." मग म्हणाले, "मले कापसाच्या खोलीत कोंडून टाक."

 ज्यांनी वऱ्हाड पाहिला नाही त्यांना यातली गोम कळायची नाही म्हणून सांगते. वेचणी झाली की कापूस घरातच एका खोलीत पार आढ्यापर्यंत भरून ठेवायचा आणि भाव येईपर्यंत राखायचा. त्या खोलीत दिवा नेत नाहीत. साप दिसला तरी नेत नाहीत. चुलीवरून उठलेली बाई पदर झटकून मगच आत जाते. रांगतं लेकरू असल्यापासून कानावर एकच पडतं, तिथं आग नाही. चोरदेखील त्या खोलीत काडी ओढायचा नाही. ह्यांचा स्वतःच्या मनावर भरोसा नव्हता, पण आपल्या हातावर होता. कापसात उभा राहून माझा हात काडी ओढायचाच नाही, असं ते म्हणाले. मला ते पटलं, आणि खरं सांगते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा ह्यांचा अभिमान वाटला.

पण पुढचं ऐका. म्हणाले, "तूबी आत पाह्यजे."

"मी काऊन?"

"तू बाहीर राह्यली तं तुले गयावया करून मी कडी काढाले लावीन. तू काढशील. आत असली तं काढता येनार नाई."

असा हा हिशोब! मी अट घातली. कापूस जीनला गेला की त्याच दिवशी मी रोहिणखेडला जाणार, मग कोणी काही म्हणो. ह्यांनी माझ्या गळ्याची शपथ घेतली. बाहेरची कडी सासूबाईंच्या ताब्यात दिली. दोन वेळचं जेवण त्या दारातून सरकवणार आणि सकाळ-संध्याकाळ आम्हाला परसाकडे सोडणार, तेही सासऱ्यांच्या नजरेखाली.

आत दारापाशी एक बाज मावेल एवढीच जागा होती. बाकी सगळा कापूस. लोकांना वाटतं कापूस म्हणजे मऊ, पांढरा, छान. एक दिवस त्याच्याबरोबर राहून पाहा म्हणावं. सरकीचा तेलकट वास नाकात बसतो, बारीक तंतू घशात जातात, घाम आला की अंगाला चिकटतात. खिडकी नव्हतीच. वर कौलांमधून दोन-तीन ठिकाणी उजेडाची गिन्नी पडायची, ती सरकत सरकत भिंतीवर गेली की समजायचं दुपार टळली. पहिल्याच दिवशी मला वाटलं, मी काय गुन्हा केला? बिडी ओढली कोणी आणि कोंडलं कोणाला!

ह्यांनी सुरुवातीला गप्पा मारल्या. मग येरझारा घालू लागले, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. मग चिडणं सुरू झालं. माझ्या बांगड्या वाजतात, मी मोठ्यानं श्वास घेते, मी भाकर चावताना आवाज करते. एकदा माझ्या अंगावर धावून आले आणि मध्येच थांबून कापसावर बुक्क्या मारत बसले. कापसाला काय होतंय! मारून मारून रडू लागले. खोकला तर असा यायचा की आतडी बाहेर पडतील असं वाटे. मी पाठ चोळायची आणि मनात शिव्या घालायची, दोन्ही एकदम.

आणि मग हे मला म्हणाले, "तुह्या तोंडाले तमाखूचा वास येते. मले सहन होत नाई."

मी सकाळी परसात गेले की चिमूटभर मिसरी लावून यायची, ती ह्यांना कळली. मी म्हटलं, मिसरी का बिडी हाये? तोंडातून शब्द गेला आणि माझं मलाच सासूबाई बोलल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मिसरी बंद केली. सोपं वाटलं होतं. दुपारपर्यंत हिरड्या ठणकायला लागल्या, डोकं जड झालं, जेवण कडू लागायला लागलं आणि ह्यांनी साधं पाणी मागितलं तरी मी खेकसायला लागले. त्या खोलीत मग दोन चिडकी माणसं झाली. एक मात्र झालं. हे येरझारा घालायला उठले की मी पाय आखडून घ्यायची, बडबडत नव्हते. आत काय होत असतं ते मला थोडंफार कळलं होतं.

एकदा ह्यांचा तो गाडीवान सोबती भेटायला आला. हाच तो, हरभऱ्याएवढी गोळी देणारा. सासूबाईंनी भाकर द्यायला दार उघडलेलं होतं, तो उंबऱ्यात उभा राहिला. "काय बे, बायकोसंगं कोंडून घेतलं? लयच मजा हाये!" असं म्हणत हसला. त्याच्या कानावर बिडी खोचलेली होती. ह्यांचे डोळे तिच्यावरून हलेनात. त्यानं ते पाहिलं आणि कानावरची बिडी काढून दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. "एक झुरका मार. कोनाले सांगत नाई."

बाहेर ओट्यावर जाऊन, असं त्याला म्हणायचं असावं. पण तो उभा होता कापसाच्या दारात, आणि खिशातून आगपेटी निघाली होती. सासूबाई अशा किंचाळल्या की शेजारची माणसं धावली. "मुडद्या, माह्या वर्साचा कापूस जाळतं का!" ज्या बाईनं महिनोन् महिने आपल्या हातानं लेकाच्या उशाशी आगपेटी ठेवली तीच त्याच्या पाठीत लाटणं घालत होती. सासऱ्यांनी त्याला वेशीपर्यंत हाकललं. मी आत बसून पोट धरून हसले. हेही हसले. त्या खोलीत आम्ही दोघं एकदम हसलो ते एवढंच.

त्या दिवसानंतर ह्यांचा खोकला उतरू लागला. झोप लागू लागली. हात चंचीकडे जाईना. मी कौलातल्या उजेडाकडे बघत रोहिणखेडचा रस्ता मनात चालायची. आधी पूर्णा, मग मलकापूर, मग मोताळ्याकडचा चढ, मग गावाबाहेरून दिसणारी जुनी दगडी मशीद आणि तिच्या मागे आमची गल्ली. पण सासरे कापूस काढेनात. भाव अजून चढेल म्हणायचे. रोज सकाळी मी दारातून विचारायची, "मामाजी, बंड्या कवा जुपता?" आणि ते आभाळाकडे बघून म्हणायचे, "पाहू."

आणि एक दिवस माझा भाऊ बैलांची दमणी घेऊन आला. मायचं खरं नव्हतं. ती माझं नाव घेत होती, दारात कोणी आलं की मीच आले असं समजून उठायला बघत होती.

मी ताडकन उठले. ह्यांनी माझा हात धरला. जोरानं नाही, पण सोडलाही नाही. "तू गेली तं मी गेलो," म्हणाले. "आता कोठं सुटू राह्यलं. थोडेक दिवस थांब."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "एवढं केलं, आता पान्यात नको घालू बाई." सासरे जमिनीवर काठीनं रेघा ओढत राहिले. मी भावाकडे पाहिलं. वाटलं होतं, हा तरी म्हणेल, चल. तो माझ्या पाठचा, माझ्या कडेवर वाढलेला. तो म्हणाला, "जिजी, जवाईबापूचं बरोबर हाये. त्यायले या घडीला तुह्यी गरज हाये." दारात उभी राहून मी रिकामी दमणी वळताना पाहिली. मग सासूबाईंनी कडी घातली.

त्या दिवशी मला जे वाटलं ते लिहून काढलं तर कागद फाटेल. कडी बाहेरून होती म्हणून मी थांबले नव्हते. चार माणसं चांगलं बोलून दारात उभी होती म्हणून थांबले. मी ह्यांच्याशी बोलणं बंद केलं. ते समजूत घालत होते, शपथा घेत होते, माझ्यासाठी भाकरीचा मऊ पापुद्रा काढून ठेवत होते. मी तो खात नव्हते.

पुढच्याच आठवड्यात भाव आला म्हणा की सासऱ्यांना लाज वाटली म्हणा, बंड्या जुंपल्या. माणसं पाट्यांनी कापूस बाहेर काढू लागली. खोली एका बाजूनं रिकामी होत गेली, मागची भिंत दिसली, कोपऱ्यात उंदरांची बिळं दिसली. हे उंबऱ्यावर उभे राहून पाहत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मी लुगड्यांचं गाठोडं बांधलं.

"आजच?" हे म्हणाले.

"आजच."

"दोन दिवस तरी. खोली खाली झाली. आता मले धराले काही नाई. तूच हाये."

 बोलले असते तर थांबले असते. मी शेवटच्या बंडीवर चढले, कापसाच्या दाबलेल्या ढिगावर बसले आणि मलकापूरला जीनपर्यंत कापसाबरोबरच गेले. हे शिवेपर्यंत बंडीच्या दांडीला धरून चालत आले. मग हात सोडला.

रोहिणखेडला पोहोचले तेव्हा माय जिवंत होती. पण वाचा गेली होती. वहिनी म्हणाली, चार दिवसांमागे शेवटचं बोलली, जिजीला म्हणावं जपून ये. मी तिच्या उशाशी बसले. ती माझ्याकडे बघायची, ओठ हलवायची, आणि मी "काय वं माय, काय म्हणतं?" असं विचारत राहायची. तिला काय सांगायचं होतं ते मला अजून माहीत नाही. तिला मूठमाती देऊन, दिवस करून मी परतले.

घरी आले तो दुपारची वेळ होती. हे ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते आणि बोटांत बिडी होती.

मी आधी डोळे पाहिले. डोळे स्वच्छ होते. गोळी नव्हती. ह्यांनी मला पाहून बिडी पाठीमागे लपवली, एवढा बाप्या माणूस! म्हणाले, "तू नव्हती. दोन-चारच ओढल्या. अफूले शिवलो नाई, मायची आन. आता तू आली न, आता पुन्हा बसू आपन खोलीत. उद्यापासून. कडी मायपाशी देऊ."

सासूबाई दारात आल्या होत्या. त्याही म्हणाल्या, "हाव, तू आली म्हंजे होईन सारं."

मी गाठोडं ओट्यावर ठेवलं. मला वाटलं होतं मी ओरडेन, पण आवाज साधाच निघाला. "बसा," मी म्हटलं. "उद्या काऊन, आजच बसा. पन मी नाई येत. अन् कडीबी कोनी लावनार नाई."

"मंग कसं जमनार?"

"मले का मालूम!"

 मी हसेन, वळेन असं त्यांना वाटलं असावं. मी घरात गेले, सूप घेतलं, तूर घेतली आणि अंगणात येऊन पाखडायला बसले. काही वेळानं ते उठले. बिडी कुठे टाकली मी पाहिलं नाही. त्या रिकाम्या खोलीत गेले आणि बाजेवर बसल्याचा आवाज आला. दार उघडंच राहिलं.

ऊन कलायला लागलं तशी आतून हाक आली, "हाये का वं तू?"

"हाये."

"जराशी आत ये न."

"नाई."

त्यांनी मला एक सणसणीत शिवी घातली. लग्न झाल्यापासून इतकी घाण शिवी त्यांनी मला दिली नव्हती. मग पावलं वाजू लागली, आता खोली मोकळी होती म्हणून पार मागच्या भिंतीपर्यंत आणि परत दारापर्यंत. दारापर्यंत येऊन ती थांबायची. मी मान वर केली नाही, हातातलं सूप हलवत राहिले, आणि पावलं पुन्हा आत वळायची.